खालच्या कडेची तारीख

फोन आला तेव्हा ती एका वयस्कर गृहस्थांच्या छातीचा एक्स-रे काढत होती. गृहस्थ शर्ट काढून, हनुवटी पट्टीवर टेकवून, खांदे पुढे ढकलून उभे होते. ती काचेमागून रोजचीच तीन वाक्यं म्हणायच्या तयारीत होती : श्वास घ्या, रोखा, सोडा. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. बाबांच्या दुकानाचा नंबर तिनं आपल्या फोनवर वळवून घेतला होता, आणि पाच आठवड्यांत त्यावर फारसं कुणी बोललं नव्हतं. एका शाळेनं बिल्ल्यांचा भाव विचारला होता, एका बाईला मुलाच्या कपावरचं आडनाव बदलून हवं होतं. तिनं गृहस्थांना थांबायला सांगितलं आणि बाहेर येऊन फोन घेतला.

"नावं कोरायचं दुकान ना? मास्तर आहेत का?"

"नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

बँकेत, विजेच्या ऑफिसात, औषधवाल्याकडे, सगळीकडे तिचं ते सांगून झालं होतं. पण कधी येतील असं कुणी विचारलं नव्हतं. क्षणभर तिला वेळ सांगून टाकावीशी वाटली. "येणार नाहीत," ती म्हणाली. "वारले. पाच आठवडे झाले."

"अरेरे." पलीकडच्या माणसानं एक ठरावीक अंतर सोडलं. "मग आमच्या ढालीचं काय?"

तिला त्या माणसाचा राग आला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ कामाचं बोललं असं वाटलं. तो कॉलेजच्या क्रीडा विभागातला क्लार्क होता. मुलींच्या दीड हजार मीटरची फिरती ढाल चार महिने मास्तरांकडे पडून होती. तिच्यावरचं एक जुनं नाव बदलायचं होतं, पण आता बदलायचं नव्हतं, जशी आहे तशीच हवी होती, कारण पुढच्या आठवड्यात वार्षिक समारंभ होता. शिवाय मास्तरांच्या मुलीसाठी एक फॉर्म दुकानाच्याच पत्त्यावर पाठवला होता, तोही भरून हवा होता. "तुम्ही मास्तरांच्या कोण?"

"मुलगी."

"अहो, मग तुम्हीच की त्या मॅडम. अभिनंदन."

ती परत आत गेली, काचेमागे उभी राहिली, श्वास घ्या म्हणाली, रोखा म्हणाली, बटण दाबलं. पडद्यावर फासळ्या उमटल्या, नीट, सगळ्या जागच्या जागी. ती त्या फासळ्यांकडे बघत राहिली. कोणतं जुनं नाव, हे तिला विचारायची गरज नव्हती. त्या ढालीवरचं एकच नाव कधीकाळी बदललं गेलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, पण काचेपलीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की सोडा म्हणायचं राहून गेलंय. गृहस्थ लालबुंद होऊन, आज्ञाधारकपणे श्वास कोंडून उभे होते. "सोडा, सोडा," ती धावत बाहेर आली. "बाई, मला वाटलं आता असंच राहायचं," गृहस्थ धापा टाकत म्हणाले, आणि हसले. तिला हसता आलं नाही. तिनं वरिष्ठांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. वरून माणसं चढली की बाबांच्या बाकावर बारीक धूळ पडायची आणि ते ती फुंकरीनं उडवायचे, पन्नास वर्षं. शटर वर केल्यावर पायाशी टपालाचा ढीग लागला. आत अजून लाखेचा आणि पॉलिशच्या साबणाचा वास होता. कोरायची वस्तू हलू नये म्हणून बाबा ती तापवलेल्या लाखेत बसवत. तो लाखेचा गोळा बाकावर तसाच होता, आणि त्यात शेवटच्या कुठल्या तरी बिल्ल्याचा गोल खळगा होता. ढाल कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली. तिनं कागद सोडला. लाकडावर मधोमध मोठी पितळी ढाल, भोवती वर्षावर्षाच्या छोट्या पितळी पट्ट्या. तिला आपल्या वर्षाची पट्टी शोधावी लागली नाही, बोट आपोआप तिथं गेलं. इतर पट्ट्यांपेक्षा ती किंचित पातळ होती. बघून कळलं नसतं, बोटालाच कळत होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिथं तिचं नाव होतं, एकतीस दिवस. कॉलेज दरवर्षी भरवायचं त्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्या वर्षी दीड हजार मीटर तिनं जिंकलं होतं, नुसतं जिंकलं नव्हतं तर शेवटच्या फेरीत मागे वळून बघावं लागलं होतं की बाकीच्या आहेत ना. खेळाचे सर तेव्हापासून तिला दीडहजारी म्हणायला लागले. जिंकण्याचं आता फारसं काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की पाय आपले असूनही आपल्याला विचारत नव्हते, आणि कानात वाऱ्याशिवाय काही नव्हतं, आणि घशाला रक्ताची चव आली होती. ती चव तिला नंतर कधीकधी जिना चढतानाही येई. पण त्याआधी सात महिने, उन्हाळ्याच्या सुट्टीत, गावातल्या एका घड्याळाच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दुकानदारानं रस्त्यावरची शर्यत भरवली होती. ती तीही जिंकली होती. बक्षीस म्हणून दुकानदारानं तिला मनगटी घड्याळ दिलं, डबीसकट. बायकांचं, छोट्या तबकडीचं. ते तिनं हातात घातलं आणि सात महिने काढलं नाही. परीक्षेला घातलं, मैदानावर घातलं, अंघोळीच्या वेळी तेवढं खिडकीत ठेवलं. तिच्या मालकीची, तिनं मिळवलेली, रोज वापरायची अशी दुसरी कोणतीही वस्तू घरात नव्हती.

आणि हौशी खेळाडूंच्या नियमाला नेमकं तेच चालत नव्हतं. नियम तिला अजून पाठ होता, शाळेतल्या कवितेसारखा. हौशी खेळाडूने रोख रक्कम स्वीकारू नये. रोजच्या वापरातली वस्तू बक्षीस म्हणून स्वीकारू नये. मात्र अशा वस्तूवर स्पर्धेचे नाव व तारीख बक्षीस देण्यापूर्वीच कायमची कोरलेली असल्यास ती स्मृतिचिन्ह मानावी. म्हणजे घड्याळ घ्यायचं नाही, पण घड्याळावर कोरलेलं असेल तर ते घड्याळ नाही. कोरलेली वस्तू कुणी विकत घेत नाही, असा त्यामागचा विचार. बाबांचं निम्मं घर या नियमावर चालायचं. दुकानात थर्मास यायचे, टेबललॅम्प यायचे, एकदा तर एक इस्त्री आली होती आणि बाबांनी तिच्यावर 'लांब उडी, प्रथम क्रमांक' असं कोरून दिलं होतं. त्या इस्त्रीवरून घरात कितीतरी दिवस हसणं चालू होतं. कुणाचा कपडा चुरगळला की आई म्हणायची, जा, लांब उडी मारून आण. घड्याळाच्या दुकानदाराला बिचाऱ्याला नियम माहीत नव्हता. पण बाबांना होता. आणि घड्याळ सात महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. एवढं एक कोडं तिला अजून सुटलेलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, की तिच्या हातातलं घड्याळ बघताना त्यांना पहिल्यांदा नियम आठवावासा वाटला नव्हता?

दुसऱ्या आलेल्या मुलीच्या कॉलेजनं तक्रार केली. समितीनं घड्याळ हजर करा म्हणून कळवलं. खेळाचे सर म्हणाले, "दीडहजारी, तुझ्या घरात देवच आहे की. वडिलांना सांग, मागच्या झाकणावर शर्यतीचं नाव आणि शर्यतीची तारीख घाला. दुकानदाराशी मी बोलतो. दहा मिनिटांचं काम." ते खरंच दहा मिनिटांचं काम होतं. बाबांनी भिंग डोळ्याला लावून शर्यतीचं नाव कोरलं, शर्यतीची तारीख कोरली. त्यांना सांगितलेलं काम करायला त्यांची कधीच हरकत नसे. लोक कपावर काहीही लिहून घेत, हरलेलेही. पण बाबांची एक रीत होती. बाकावरून उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या खालच्या कडेला ते आपली खूण घालत, एक छोटा कोन, आणि त्याला लागून काम केल्याची तारीख, मोहरीपेक्षा बारीक. गिऱ्हाइकाला ती दिसतही नसे. वर काय लिहायचं ते गिऱ्हाइकाचं, खाली काय लिहायचं ते माझं, असं ते म्हणत.

तेव्हा घर दुकानाच्या मागेच होतं, मधे एक पडदा. ती पडद्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "बाबा, फक्त खालची तारीख घालू नका."

"ती घातल्याशिवाय काम पुरं होत नाही."

"कुणाला दिसतेय ती? भिंग लागतं बघायला."

"मला दिसते ना."

"मग तुम्ही बघू नका."

ते हसले. आपण भांडत नसून गंमत करतोय असं त्यांना वाटलं असावं, किंवा वाटून घ्यायचं असावं. मग ती गंमत नाही हे तिनं त्यांना सांगितलं. बरंच काही सांगितलं. विनवलं, हात धरला, की हे एकच वर्ष आहे, पुढच्या वर्षी मी कुणाला आठवणारही नाही, तुमच्याकडे मी आजवर काही मागितलंय का. हे शेवटचं वाक्य म्हणताना तिला स्वतःचीच दया आली आणि रडू फुटलं. ती आत मोरीपाशी जाऊन रडली. आई चुलीसमोर पाठ करून उभी होती, तिनं वळून पाहिलं नाही. पडद्यापलीकडे पॉलिशचं चाक सुरू झालं. चाकाचा आवाज मोठा असतो, त्यात घरातलं काही ऐकू जात नाही. चाक थांबल्यावर तिनं पडदा सारला तेव्हा घड्याळ बाकावर पुसून ठेवलेलं होतं, आणि खालच्या कडेला कोन होता, आणि कोनाला लागून त्या दिवसाची तारीख.

तरी ती ते घेऊन समितीपुढे गेली. कुणाला दिसणार नाही अशी तिला खात्री होती. दिसलंही नसतं. समितीत तिघं होते. पहिल्यानं झाकण बघितलं आणि मान हलवली, दुसऱ्यानं बघितलं आणि चहा मागवला. तिसरे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते, दगड बघायचं भिंग त्यांच्या खिशात कायम असायचं. त्यांना संशय वगैरे आला नव्हता. "काय देखणं अक्षर आहे," म्हणून त्यांनी भिंग काढलं. ते बराच वेळ कौतुकानं बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं. बाबांचं काम वाईट असतं तर ती वाचली असती.

निकाल रद्द झाला. वर्षभर बंदी आली. आणि ढाल, जिच्यावर तिचं नाव कोरलं जाऊन महिना झाला होता, नाव काढून दुसऱ्या मुलीचं घालण्यासाठी बाबांच्याच दुकानात आली, कारण कॉलेजचं काम कायम त्यांच्याकडे होतं. बाबांनी ते नाकारलं नाही. कुणीतरी करणारच, मग नीट तरी होईल, असं काहीतरी ते म्हणाले. त्यांनी पट्टी उतरवली, लाखेत बसवली आणि बारीक पॉलिश पेपरनं घासायला लागले. कानस लावली नाही, कानशीचे ओरखडे खोल जातात. नाव एकदम जात नाही. आधी कडा जातात, मग अक्षरं धुकट होतात, मग उजेडात तिरकी धरली तरच दिसतात. ती पडद्यापाशी शेवटपर्यंत उभी राहिली. चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या मुलीचं नाव लांबलचक होतं, पण बाबांनी ते एका ओळीत बसवलं, कुठंही दाटी न होता. खाली कोन घातला, तारीख घातली. त्या दिवसानंतर या विषयावर बापलेक कधी बोलले नाहीत. पळणं तिनं सोडलं असं नाही, पळायला कारण उरलं नाही. घड्याळ कधी बंद पडलं आणि कुठं गेलं हेही तिला सांगता आलं नसतं. एक्स-रेचा कोर्स केला, लग्न केलं, मोडलं, परत आली. बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, नखं कापायची हे सगळं तिनं केलं, आणि त्यांच्या हाताची बोटं हातात धरून नखं कापताना दर वेळी तिला वाटे, आता म्हणतील. काय म्हणतील ते तिनं ठरवलेलं नव्हतं. काहीही चाललं असतं.

ढालीच्या मागे टाचणीनं दोन कागद लावलेले होते. पहिला कॉलेजचा : हौशी खेळाडूंचे बक्षीसविषयक नियम रद्द झाले असून खेळाडूंना आता रोख बक्षिसे व जाहिरातीही घेता येतात, सबब त्या नियमांखाली रद्द झालेले जुने निकाल पूर्ववत करण्याचे ठरले आहे, तरी पट्टीवर मूळ विजेतीचे नाव पुन्हा घालावे. तारीख चार महिन्यांपूर्वीची. चार महिन्यांपूर्वी बाबा चालतेफिरते होते, रोज दुकानात येत होते, रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणत होते. दुसरा कागद बाबांच्या उत्तराची प्रत, त्यांच्या अक्षरात, ओळी आखून :

'नियम बदलला हे बरेच झाले. परंतु त्या वर्षी तो नियम होता. घड्याळावर कामाची तारीख मी घातली ती माझ्या मुलीच्याच सांगण्यावरून. बाबा, खरी तारीख घाला, जे होईल ते होवो, असे ती त्या वेळी म्हणाली होती. तेव्हा आता तिच्या नावासाठी दुसऱ्या मुलीचे नाव खोडणे तिलाही आवडणार नाही. ढाल आहे तशीच ठेवावी.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग बाबांच्या स्टुलावर बसली. जे होईल ते होवो हे शब्द तिनं आयुष्यात कधी तोंडातून काढले नव्हते. तसं बाबाच बोलत.

"पत्र मलाच दाखवलं होतं मास्तरांनी," दारातून आवाज आला. शेजारचे फ्रेमवाले होते, प्रमाणपत्रांना आणि फोटोंना चौकटी करणारे, हाताला कायम भुसा. शटर वर दिसलं म्हणून आले होते. "मला म्हणाले, बघ रे, काही चुकलंय का. मी म्हटलं, मास्तर, तुमचं काय चुकणार."

"त्यातली माझी गोष्ट," ती म्हणाली. "ती तुम्हाला आधी माहीत होती?"

"बाई, पाठ आहे आम्हाला. कुणी तारीख मागची घाला म्हणून आलं ना, की मास्तर त्याला बसवायचे, चहा पाजायचे आणि ती गोष्ट सांगायचे. वीस वर्षं झाली मला इथं येऊन, तेव्हापासून ऐकतोय. माझ्या पोरांना मी सांगितलीय." त्यांनी हाताचा भुसा झटकला. "तुम्ही रस्त्यानं गेलात की हा समोरचा चावीवाला उठून उभा राहतो, पाहिलं नाहीत कधी? त्यामुळंच."

तिनं पाहिलं होतं. तिला वाटायचं ते बाबांमुळे. फ्रेमवाले गेल्यावर तिनं बाकाचा खण ओढला. बाबा अवघड नाव आधी भंगारातल्या पत्र्यावर गिरवून बघत, असे शेकडो तुकडे त्यात होते. काय शोधतोय ते तिनं स्वतःशी कबूल केलं नाही. एकेक तुकडा उजेडात धरून बघितला. डॉक्टर, शाळा, सहकारी संस्था, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, लांब उडी. तिचं नाव कुठंच नव्हतं. अर्थात ते नाव त्यांना गिरवायची गरज नव्हती, असंही म्हणता आलं असतं. ती स्वतःची अशी समजूत घालू लागली होती, ते लक्षात आल्यावर तिनं खण बंद केला.

टपालाच्या ढिगात कॉलेजचं पाकीट होतं, तिच्या नावाचं. मास्तरांचं पत्र वाचून समिती भारावली होती. ढालीवरचं नाव आता बदलायचं नव्हतं, त्याऐवजी मूळ विजेतीच्या नावानं दरवर्षी खिलाडूवृत्तीचा एक पुरस्कार सुरू करायचा होता, पहिला तिलाच द्यायचा होता, रोख रकमेसह, कारण आता रोख चालत होतं. व्यासपीठावरून मास्तरांचं पत्र वाचून दाखवलं जाणार होतं. सोबतच्या फॉर्मवर छापलं होतं : सदर पत्रातील हकीकत खरी आहे. त्याखाली सहीची जागा, आणि हकीकतीत काही दुरुस्ती असल्यास लिहावी म्हणून तीन रेघा.

ती घरी आली तेव्हा आई गॅलरीत मटार सोलत बसली होती. तिनं आईला सगळं वाचून दाखवलं. आईचे हात थांबले नाहीत.

"तुला माहीत होतं ते असं सांगतात म्हणून?"

"अख्ख्या बाजाराला माहीत होतं, मला नसेल?"

"मग त्यांना कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी नजर चुकवली. पुढं पुढं चुकवेनासे झाले. मग त्यांना तसंच आठवायला लागलं असणार. म्हाताऱ्या माणसाला काय, दहा वेळा बोललेलं खरं वाटतं." आईनं एक शेंग दाताखाली चावून बघितली. "सही करून टाक. तुझ्या गाठीचं काय जातंय?"

"माझंच जातंय."

"काय जातंय? उलट मिळतंय. तुझ्या नावाचं बक्षीस पोरींना मिळेल. तुझ्या बाबांचं नाव निघेल चार लोकांत. गेलेल्या माणसाला एवढं तरी राहू दे की."

काय जातंय ते तिला आईला सांगता येईना. पडद्यापाशी उभी राहिलेली ती वीस वर्षांची मुलगी, तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. तिनं मागितलं होतं आणि तिला मिळालं नव्हतं, एवढंच तिचं स्वतःचं होतं. निकाल गेला, नाव गेलं, ते नियमानं गेलं, त्याला इलाज नव्हता. पण बाबांनी तिचं ते मागणंसुद्धा घासून काढलं होतं, सावकाश, कुठं ओरखडा न ठेवता, आणि त्या जागी दुसरीच कुणी मुलगी बसवली होती. शहाणी, तेजस्वी, जे होईल ते होवो म्हणणारी. बाबांचं प्रेम होतं ते त्या मुलीवर होतं. चावीवाला उठून उभा राहायचा तो तिच्यासाठी. वीस वर्षं ती त्या मुलीच्या शेजारून रस्त्यानं जात होती आणि तिला पत्ता नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती मुलगी तिला आवडली. आपण तशा असतो तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"दीडहजारी कसली, दीडशहाणी," आई पुटपुटली, कारण तिनं पेन काढलं होतं.

ती गॅलरीच्या कठड्यापाशी स्टूल ओढून बसली आणि तीन रेघांवर लिहिलं, घाईनं, नाहीतर लिहून झालं नसतं : 'मी तसे म्हणाले नव्हते. कामाची तारीख घालू नका अशी मी वडिलांना विनवणी केली होती. त्यांनी ऐकले नाही. पत्रातील ते वाक्य खरे नाही.' लिहून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पाच आठवडे लोक बाबांविषयी चांगलं बोलत होते आणि ती मान हलवत होती. त्यांच्याविषयी तिचं पहिलं वाक्य हे झालं होतं.

आईनं हात पदराला पुसले, चष्मा घातला आणि फॉर्म मागून घेतला. तिनं तो सावकाश वाचला, ओठ हलवत. ती आईकडे न बघता खाली रस्त्याकडे बघत होती. आता आई रागावेल, किंवा रडेल, किंवा कागद फाडेल, आणि यांतलं काही झालं तर बरंच होईल, असं तिला वाटत होतं.

"अर्धंच लिहिलंस," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"तू मोरीपाशी होतीस तेव्हा मी पडद्यापलीकडे गेले होते. मीही त्यांना तेच म्हणाले. म्हटलं, नका घालू तारीख, पोरीच्या जिवापेक्षा तुमचा कोन मोठा आहे का. नाही म्हणाले. म्हणून तर चाक लावलं त्यांनी. आणि त्या दिवशी दोन्ही वेळेला मी त्यांचं पान वाढलं नाही. त्यांनी मागितलंही नाही." आईनं फॉर्म तिच्या हातात दिला आणि पुन्हा मटार पुढे ओढले. "तू विनवलंस ते लिहिलंस ना, मग मी विनवलं तेही लिही. घरात त्या दिवशी त्यांच्या बाजूनं कुणी नव्हतं. एक माणूस नव्हतं. ते लिही."

तिनं पेन उघडलं. तीनही रेघा भरल्या होत्या. तिनं फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. आई शेंगांमागून शेंगा सोलत होती, आणि पहिला शब्द कुठला लिहायचा ते तिला सुचत नव्हतं.